पोच घेतली का?

मी सतरा वर्षं आमच्या गावातल्या पतसंस्थेत काउंटरवर बसते. समोरच्याने शंभराची नोट ठेवली तरी पावती हातात पडल्याशिवाय तो हलत नाही, आणि हलूही नये. पिग्मी एजंट असो, बेदाण्याचे पैसे भरायला आलेला बागायतदार असो, नाहीतर बचतगटाचं पासबुक घेऊन आलेल्या बायका असोत, प्रत्येकाला मी तारीख घालून, शिक्का मारून, सही करून पावती देते. हीच मी माझ्या मुलाचे कागद घेऊन सहा वर्षं वेगवेगळ्या कार्यालयांत फिरले, आणि एकदाही कुणाकडे पावती मागितली नाही.

अर्ज टेबलावर ठेवायचा, "साहेब, एवढं जरा बघा" म्हणायचं, हात जोडायचे आणि घरी यायचं. पुढच्या खेपेला "कुठला अर्ज?" असं विचारलं की खाली मान घालून पुन्हा लिहून द्यायचा. शाळेतल्या रॅम्पसाठी मी तीनदा अर्ज दिला होता. तिन्ही गेले कुठे, कुणालाच ठाऊक नाही. दिल्याचा पुरावा माझ्याकडेही नव्हता.

ही गोष्ट माझ्या लक्षात आणून दिली ती कोल्हापुरातल्या एका ताईंनी, २०२३ च्या जूनमधल्या एका रविवारी. विशेष मुलांच्या पालकांसाठी तिथल्या एका पालकसंघटनेने सहा महिन्यांचं प्रशिक्षण ठेवलं होतं. महिन्यातून एक रविवार, सकाळी दहा ते चार. मी सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. पहाटे उठून डबा करायचा, मुलाचं आवरून त्याला सासूबाईंकडे सोपवायचं, आणि दोन एसट्या बदलून जायचं. माझी मुलगी त्या वर्षी दहावीला होती. तिच्या वर्षातले सहा रविवार मी घेतले. तिने एकदाच विचारलं, "आई, तुझ्या सगळ्या सुट्ट्या त्याच्याच का?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

मुलाबद्दल थोडं सांगते. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. आम्ही पालक एकमेकांत नुसतं 'सीपी' म्हणतो. जन्मल्यावर तो लगेच रडला नाही, तेव्हापासूनची ही गोष्ट. चालता येत नाही, हात स्वतःच्या मर्जीने हलतात, बोलणं घरच्यांनाच कळतं. समज मात्र लख्ख आहे. गणितात वर्गातल्या निम्म्या मुलांच्या पुढे आहे. एका पुठ्ठ्यावर बाराखडी, आकडे आणि वीस-पंचवीस चित्रं चिकटवलेली आहेत, त्यावर बोट ठेवून तो बोलतो. त्याचं नाव इथे लिहू का, असं परवा त्याला विचारलं. त्याने 'नको'वर बोट ठेवलं. म्हणून लिहीत नाही.

प्रशिक्षणाला जायला मी सुरुवातीला नाखूशच होते. पत्रकावर 'पालक नेतृत्व' असं लिहिलं होतं. आमच्याकडे नेतृत्व म्हटलं की चौकातला फ्लेक्स डोळ्यापुढे येतो. मला कुठे पुढारी व्हायचं होतं? मला फक्त माझं पोरगं शाळेच्या दोन फूट उंच पायऱ्या चढून वर्गात जायला हवं होतं. शिवाय पालकांसाठीचे कार्यक्रम मी आधी पुष्कळ पाहिले होते. कुणीतरी पाहुणे येतात, "ही देवाची मुलं आहेत, तुम्ही भाग्यवान" असं सांगतात, आम्ही बायका पदराने डोळे पुसतो, चहा-पोहे होतात, फोटो निघतो. घरी आल्यावर पायऱ्या तिथेच असतात. 'मुलाला स्वीकारा' असं मला कितीजणांनी सांगितलं असेल! अहो, मी त्याला पहिल्या दिवशीच स्वीकारलं होतं. शाळेने, बसने, दवाखान्याने त्याला कसं स्वीकारायचं, हे कुणी सांगत नव्हतं.

त्या पहिल्या रविवारी आम्ही बावीसजण होतो. त्यात पुरुष फक्त तीन. (बाप सहीच्या दिवशी येतात, बाकीचे सगळे दिवस आया येतात. हे मला बोचतं आणि मी ते लिहिणारच.) शिकवणाऱ्या ताई वीज मंडळातून निवृत्त झालेल्या, त्यांची मुलगी तिशीची, मतिमंदत्व असलेली. त्यांनी ओळखीपाळखीत वेळ घालवला नाही. म्हणाल्या, "प्रत्येकीने आत्तापर्यंत दिलेला एक अर्ज आठवायचा आणि सांगायचं, त्याचं पुढे काय झालं." एकेक बाई बोलू लागली. प्रमाणपत्राचा अर्ज, शाळाप्रवेशाचा, संजय गांधी निराधार योजनेचा, तीनचाकी सायकलचा. प्रत्येकीला ताई एकच विचारत, "पोच घेतली का?" माझी पाळी आली तेव्हा मी काय सांगणार होते? जिचा आख्खा दिवस पावत्या फाडण्यात जातो ती बाई मान खाली घालून "नाही" म्हणाली.

त्या दिवशी पोच घेणं हा अख्खा धडा होता. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या. एक तिथे द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही घ्यायची. "ठेवा इथे, बघू" म्हटलं तर "हो, एवढं दुसऱ्या प्रतीवर नोंदवून द्या, मी थांबते" म्हणायचं आणि खरंच थांबायचं. बसायला खुर्ची नसेल तर उभं राहायचं. आवाज चढवायचा नाही. ऐकायला किती साधं वाटतं! पण आमच्यातल्या कितीतरी जणींचे पाय कार्यालयाच्या उंबऱ्यातच लटपटतात. जत तालुक्यातून आलेले एक मेंढपाळ बाबा म्हणाले, "आमी सायबाफुडं हुबं ऱ्हातो हेच लई झालं, वर शिक्का कसा मागायचा?" मग ताईंनी त्यांनाच साहेबांच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः अर्जदार झाल्या. बाबांनी साहेबांचं काम इतकं हुबेहूब केलं की हॉल दणाणला: मान वर न करणं, फोन घेणं, "उद्या या" म्हणणं. सहन केलेलं माणसाला किती बारकाईने पाठ असतं.

माझं रॅम्पचं पत्र मी सोबत नेलं होतं. साडेतीन पानं. त्यात बाळंतपणापासून सगळं होतं. ताईंनी लाल पेन घेतलं आणि साडेतीन पानांतल्या एकाच वाक्याखाली रेघ मारली: 'तरी शाळेत रॅम्प करून मिळावा.' म्हणाल्या, "वाचणाऱ्याला हे सापडायच्या आधी तो कंटाळतो. हे वर घे. विषय म्हणून लिही. कुणासाठी, काय, कुठल्या कायद्याने, किती दिवसांत, एवढंच. बाकीचं दुःख माझ्याकडे बोल, मी ऐकते." आणि चहाच्या वेळी त्यांनी ते खरंच ऐकलं.

दुसऱ्या रविवारी दोन मिनिटं बोलायचं होतं. समोर मुख्याध्यापक आहेत असं समजायचं आणि चार गोष्टी सांगायच्या: मी कोण, अडचण काय, कायदा काय म्हणतो, मला काय हवं. मी दुसऱ्या वाक्यालाच रडले. मला वाटलं, ताई म्हणतील 'रडू नका'. त्या म्हणाल्या, "येऊ दे की. पण मागणी बोलून मग रड. मागणीच्या आधी रडलीस तर समोरचा तुला पाणी देईल, रॅम्प नाही देणार." मी पाचवेळा केलं. पाचव्या वेळेला मागणीपर्यंत पोहोचले आणि मग खुर्चीवर बसून मनसोक्त रडले. शेजारी इचलकरंजीची एक यंत्रमाग कामगाराची बायको बसली होती. तिने आपल्या पिशवीतली शेंगदाण्याची चिक्की माझ्या हातात ठेवली, बोलली काही नाही.

कायद्याचा रविवार मला सगळ्यात जड जाईल असं वाटलं होतं, पण तोच सगळ्यात लवकर संपला. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. १९९५ च्या जुन्या कायद्यात सात प्रकार होते, आता एकवीस आहेत. कलम ३१ प्रमाणे दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त असलेल्या सहा ते अठरा वयाच्या मुलाला घराजवळच्या शाळेत किंवा आवडीच्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. कलम १६ प्रमाणे सरकारी अनुदानाच्या किंवा मान्यतेच्या शाळेने मुलाला भेदभाव न करता घ्यायचं, इमारत त्याला वापरता येईल अशी करायची, आणि त्याच्या गरजेप्रमाणे सोय करून द्यायची. तिथे सात-आठ वर्षांच्या मुलांच्या आया होत्या, ज्यांना शाळेने "घरीच शिकवा, कायद्यात तशी सवलत आहे" म्हणून परत पाठवलं होतं. सवलत आहे हे खरंय. पण शिक्षणहक्क कायद्यात घरी शिकण्याचा तो पर्याय तीव्र किंवा बहुविकलांग मुलाने निवडायचा आहे, शाळेने त्याच्या गळ्यात घालायचा नाही. एवढा एक फरक कळला तेव्हा त्या बायकांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते. तीन-तीन वर्षं घरी बसलेली मुलं होती त्यांची.

आणखी एक गोष्ट मला तिथे कळली, जी आमच्या गावात कुणालाच माहीत नव्हती. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात, आणि वंचित घटकातल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. २०१२ च्या दुरुस्तीने या वंचित घटकात दिव्यांग मूलही आलं. म्हणजे समितीत माझी जागा कायद्यात आधीच होती. मी मात्र शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून आतल्या बैठकीतून कुणी बाहेर येतंय का याची वाट बघायचे.

घरी येऊन हे सांगितलं तर आमच्या ह्यांचा चेहरा उतरला. त्यांचं द्राक्षबागेच्या औषधांचं दुकान आहे, गावात उठबस आहे. म्हणाले, "सरांशी वाकडं घेऊ नको. पोरगं दिवसभर त्यांच्या हातात असतंय." ही भीती मी हलकी मानत नाही. ज्यांची मुलं बोलू शकत नाहीत त्यांनाच ती कळेल. शाळेत कुणी चिमटा काढला, कुणी पाणी दिलं नाही, तर माझं मूल घरी येऊन सांगू शकेल याची मला खात्री नव्हती. पुढच्या रविवारी मी हे ताईंना विचारलं. त्यांनी तोंडी उत्तर दिलं नाही, एक काम दिलं: मुलाची एका पानात ओळख लिहून आण. त्यात आजाराचं नाव एकदाच. बाकी त्याला काय आवडतं, तो कसा बोलतो, मदत कशी करायची, काय करायचं नाही. मी लिहिलं: 'मला क्रिकेटचे स्कोअर पाठ आहेत. पाणी स्ट्रॉने पितो. प्रश्न विचारल्यावर पंधरा सेकंद थांबा, उत्तर येतं. उचलायच्या आधी सांगा, नाहीतर मी दचकतो आणि अंग ताठ होतं. माझ्याशी लहान बाळासारखं बोलू नका.' ते पान आणि रॅम्पचं नवं एका पानाचं पत्र घेऊन मी शाळेत गेले. पत्रात तक्रारीचा एक शब्द नव्हता. सरांनी आधी ओळखीचं पान वाचलं. मग म्हणाले, "पंधरा सेकंद? मला वाटायचं त्याला येत नाही, म्हणून मी पुढच्याला विचारायचो." चार वर्षं मुलगा त्या शाळेत होता. मी रागावू शकत होते. पण हे मी तरी त्यांना कधी सांगितलं होतं? पोच मागितली. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं, शिपायाला रजिस्टर आणायला सांगितलं आणि नंबर टाकून दिला. इतकंच होतं ते.

रॅम्प झाला २०२४ च्या उन्हाळ्यात, आणि तो चुकीचा झाला. पायऱ्यांची उंची दोन फूट आणि रॅम्प नऊ फुटांचा. त्यावरून व्हीलचेअर वर ढकलायला दोन माणसं लागत आणि उतरताना जीव मुठीत धरावा लागे. प्रशिक्षणात आम्हाला एकास बारा हे प्रमाण शिकवलं होतं: एक फूट चढायला बारा फूट लांबी. म्हणजे चोवीस फूट हवा, मध्ये वळण घेतलं तरी चालेल. गवंड्याचं म्हणणं, "वहिनी, घसरगुंडी दिसली म्हणजे झालं की." मी टेप घेऊन गेले, मोजमाप लिहिलं, फोटो लावला, दुसरं पत्र दिलं, पोच घेतली. शाळेकडे पैसे नव्हते. मग १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत उभी राहिले. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, त्याचा आमच्या गावचा हिशोब मागितला. हिशोब हा माझा रोजचा विषय, त्यामुळे आवाज कापला नाही. सभेत थोडी कुजबुज झाली. कुणीतरी "पतसंस्थेतल्या बाईंना आता ग्रामपंचायतीचंपण बघायचंय" असंही म्हणालं. पण ज्यांच्या घरात असं माणूस आहे अशा सहाजणांनी हात वर केले. गावात आपण इतके आहोत हे आम्हाला एकमेकांनाच माहीत नव्हतं. एक तर माझ्याच गल्लीतली, तिची जाऊ आंधळी आहे, वीस वर्षं घराबाहेर फारशी दिसलेली नाही. दिवाळीनंतर रॅम्प तोडून नवा झाला. मी आभाराचं पत्र दिलं. त्याचीही पोच घेतली, ताईंनी तसं बजावलंच होतं: मागणीची नोंद होते तशी काम झाल्याचीही व्हायला हवी, पुढच्या मुलाच्या आईला ती उपयोगी पडते.

चौथ्या रविवारचं थोडं सांगायचं राहिलं. त्या दिवशी ताईंनी आमच्याआधीच्या लोकांची ओळख करून दिली. मिठू अलुर यांनी आपल्या मुलीसाठी शोधूनही योग्य शाळा सापडेना म्हणून १९७२ साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी सुरू केली. नाशिकच्या रजनीताई लिमये यांनी १९७७ साली प्रबोधिनी विद्यामंदिर उभं केलं, त्यांचाही स्वतःचा मुलगा मतिमंद होता. आपल्या कोल्हापूरच्या नसीमादीदी हुरजूक तर कुणाच्या आई म्हणून नव्हे, स्वतः व्हीलचेअरवर बसून स्वतःबद्दल बोलल्या. ताई तिथे थांबल्या आणि म्हणाल्या, "हा फरक लक्षात ठेवा. तुम्ही मुलाच्या वतीने बोलायला शिकताय. पण ज्या दिवशी तो स्वतः बोलेल, त्या दिवशी तुम्हाला गप्प बसायलाही शिकावं लागेल." मी वहीत लिहून घेतलं. समजलं नव्हतं.

पाचव्या रविवारी अठराव्या वर्षानंतरचं सांगितलं, तेव्हा हॉलमध्ये कुणी बोललंच नाही. आपल्याला वाटतं आपण जन्मदाते, कायमचे पालक. कायद्याने मूल अठराचं झालं की तसं राहत नाही. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगत्व असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं. समितीत जिल्हाधिकारी असतात, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी असतो आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. पण ते प्रत्येकासाठी घ्यायचंच असंही नाही. ज्याला स्वतःचे निर्णय सांगता येतात त्याच्यासाठी का घ्यायचं? माझा मुलगा सांगू शकतो. फक्त कुणीतरी पंधरा सेकंद थांबायला हवं. या विषयावर पुन्हा सविस्तर लिहीन.

प्रशिक्षण संपलं तेव्हा प्रत्येकीने आपल्या भागात आणखी पाच घरांना हे शिकवायचं असं ठरलं होतं. आता आमचा नऊ घरांचा गट आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात बसतो. मला सगळ्यात कठीण काय गेलं असेल तर हात बांधून बसणं. माझं अक्षर चांगलं, कामाचा उरक दांडगा. कुणी अर्ज घेऊन आलं की माझे हात शिवशिवतात, दहा मिनिटांत लिहून देऊ शकते. पण लिहून दिला की ती बाई पुढच्या वेळी पुन्हा माझ्याच दारात. ताई म्हणायच्या, तू दिलेला अर्ज तुझा असतो.

त्या जतच्या बाबांच्या सुनेची गोष्ट यातलीच. तिची नऊ वर्षांची मुलगी मतिमंद आहे. शाळेच्या पटावर नाव आहे, पण "घरीच ठेवा, हजेरी आम्ही लावतो" असं सांगितलेलं. म्हणजे कागदावर मुलगी रोज शाळेत, आणि प्रत्यक्षात आईबरोबर मेंढरांमागे. तिने मला फोन केला. म्हणाली, "ताई, तुमीच या की. मला लिवता येत न्हाई, मी काय पोच मागनार?" मी जाणार होते. रजाही टाकली होती. मग रात्री विचार केला आणि तिला सांगितलं की तू सांग, तुझा दीर लिहील, खाली तू अंगठा कर, दोन प्रती कर. काय बोलायचं ते आपण फोनवर घोकू. आम्ही चार रात्री घोकलं. पाचव्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. आवाज इतका मोठा की काउंटरवरच्या सगळ्यांना ऐकू गेला: "ताई, शिक्का मारला बगा त्यांनी! निळा हाय!" ती मुलगी आता आठवड्यातून तीन दिवस दुपारपर्यंत शाळेत जाते. तीनच दिवस. पाच दिवसांसाठी तिची आई पुन्हा जाणार आहे, आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडेही अर्ज गेला आहे. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत हजेरीपटाची नक्कल मागता येते, हेही तिला आता ठाऊक आहे.

आणि आता माझी चूक लिहिते, जी मी अजून गटातही पूर्ण सांगितलेली नाही.

गेल्या वर्षीच्या डिसेंबरात ताई आमच्या गटात आल्या होत्या. जाताना त्यांनी सगळ्यांना काम दिलं: घरी जाऊन मुलाला विचारा, शाळेकडून तुला काय हवंय? मी मनात म्हटलं, मला माहीत आहे. रॅम्प झालाच आहे, आता स्वच्छतागृहाचं दार रुंद करून घ्यायचं. तरी विचारलं. रात्री जेवणं झाल्यावर पुठ्ठा त्याच्यापुढे धरला. त्याचं बोट थरथरत गेलं. स. ह. ल.

सहल. दरवर्षी शाळेची सहल जाते. दरवर्षी घरी संमतीपत्र येतं. आणि दरवर्षी मी, त्याला न दाखवता, 'पाठवणार नाही'वर खूण करून ते सरांना परत देत आले. पहिलीपासून. त्याच्यासाठी दुसऱ्यांनी न विचारता निर्णय घेतले म्हणून मी कार्यालयांमधून लढत होते, आणि इथे माझ्या स्वयंपाकघरात ओट्यावर पत्र ठेवून मी तेच करत होते. मी त्याला विचारलं, "तुला हे आधीपासून हवं होतं?" त्याने पहिलीतल्या बाईंच्या नावाचं पहिलं अक्षर दाखवलं. मी पुठ्ठा बाजूला ठेवला आणि मागच्या दारी जाऊन बसले.

सहल जानेवारीत पन्हाळ्याला होती. मी शाळेत गेले तर सर म्हणाले, "वहिनी, रॅम्पचं ठीक आहे, पण सहलीची जबाबदारी कोण घेणार?" प्रश्न बरोबर होता, हाच प्रश्न तर मी स्वतः सहा वर्षं पुढे करत होते. मी सांगितलं की कलम १६ मध्ये इतरांच्या बरोबरीने शिक्षणासोबत खेळ आणि मनोरंजनाची संधीही लिहिली आहे. आणि मग सांगितलं की जबाबदारीची यादी आपण दोघं बसून करू. बसमध्ये उचलून चढवायचं कुणी, व्हीलचेअर डिकीत मावते का, स्वच्छतागृह कुठे, औषध किती वाजता. सज्जाकोठीच्या पायऱ्या त्याला जमणार नाहीत, पण तीन दरवाजाच्या बाजूला गाडी थेट जाते. यादी दीड पानाची झाली. खाली सरांची सही, माझी सही. तिसरी ओळ मी रिकामी ठेवली होती. तिथे त्याने पेन मुठीत धरून एक रेघ ओढली. तीच त्याची सही.

सोबत कोण, यावर घरी वाद झाला. मी तयारी करूनच ठेवली होती. त्याने पुठ्ठ्यावर 'आई' दाखवलं, मग 'नको'. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. 'बाबा', 'चालेल'. आणि थोडं थांबून: 'मा-ग-ची सी-ट.' म्हणजे बाबांनी मागच्या सीटवर बसायचं, तो पुढे मित्रांत. आमच्या ह्यांनी त्या दिवशी दुकान बंद ठेवलं. द्राक्षाच्या ऐन हंगामात, फवारणीच्या दिवसांत. त्यांनी असं दुकान बंद ठेवलेलं मी लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होते.

पहाटे पाचला बस गेली. मी पतसंस्थेत गेले, दोन पावत्या चुकवल्या, रद्द करून पुन्हा फाडल्या. एकदाही फोन करायचा नाही असं ठरवलं होतं, तीनदा केला. ह्यांनी दोनदा उचललाच नाही. तिसऱ्यांदा म्हणाले, "अगं तो मला जवळ येऊ देईना, तुला काय सांगू?"

रात्री साडेनऊला बस शाळेच्या मैदानात लागली. दोन पोरांनी त्याला उचलून खाली घेतलं, उचलायच्या आधी "उचलतो रे" म्हणून सांगितलं. त्याच्या केसांत धूळ, शर्टावर भेळेचे डाग, डोळे अर्धे मिटलेले. घरी आणून कपडे बदलले, कुशीवर केलं. मला राहवेना. पुठ्ठा समोर धरून विचारलं, "काय काय बघितलंस? मजा आली? काय खाल्लंस?"

पंधरा सेकंद थांबले. मग त्याचं बोट हललं.

उ. द्या.

मी पुठ्ठा उशाशी ठेवला आणि दिवा मालवला.